शब्दांची चौकशी : अवज्ञा

प्रश्न : आज्ञा मोडली की अवज्ञा, म्हणजे हे दोन शब्द एकमेकांचे विरुद्धार्थी ना?

उत्तर : अगदी तसं नाही. दोन्ही शब्द ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे या संस्कृत धातूवरून आलेत, फरक उपसर्गाचा आहे. ‘अव’ म्हणजे खाली, अवमान आणि अवहेलनेत आहे तोच, त्यामुळे अवज्ञा म्हणजे मुळात एखाद्याला कमी लेखणं, तुच्छ समजणं. संस्कृत नाटककार भवभूतीने आपली अवज्ञा करणाऱ्यांना सुनावलंय ते टीकाकारांना, तिथे हुकूम वगैरे कुणी सोडलाच नव्हता! न जुमानणं हा अर्थ त्यातूनच आला असणार, कारण ज्याला किंमतच देत नाही त्याचं ऐकायचं कशाला.

गंमत म्हणजे १९३० च्या आंदोलनाला हिंदीत ‘सविनय अवज्ञा’ म्हणतात आणि आपण ‘सविनय कायदेभंग’. मला विचाराल तर आपला शब्द जास्त नेमका, कारण विनय ठेवून तुच्छ लेखायचं हे जरा अवघडच आहे, आणि मिठाच्या सत्याग्रहात मोडला तो कायदाच होता. त्यातला ‘कायदा’ अरबी, ‘भंग’ संस्कृत, पण जोडी मस्त जमलीय.