वाचकांचे प्रश्न : वेग तोच, इजा वेगळी का?

प्रश्न : मोटारसायकलची समोरून धडक झाली. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, पण दोन्ही मांड्यांची हाडं मोडली, पेल्व्हिसलाही (कमरेखालच्या हाडांच्या कड्यालाही) फ्रॅक्चर. तेवढ्याच वेगात वळणावर घसरलेला माणूस मात्र नुसता सोलवटून उठतो. असं का?

उत्तर : वेग किती होता यापेक्षा तो किती अंतरात संपला, हे बघायचं. ताशी ६० किमी म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून पडण्याइतकी ऊर्जा. डांबरावर घसरणाऱ्याची ती २० मीटरच्या आसपास हळूहळू जिरते. कातडं जातं, हाडं बहुधा वाचतात, अर्थात वाटेत खांब किंवा कठडा नसेल तर.

धडकेत गाडी थांबते, स्वार थांबत नाही. तो सीटवरून पुढे सरकतो आणि जांघ टाकीवर आदळते. टाकीचा चढ पाचरीसारखा घुसतो आणि पेल्व्हिसचा पुढचा सांधा फाकतो. अंग वर उचललं जाताना मांड्या हँडलला अडतात, म्हणून दोन्ही मोडतात. फाकलेल्या पेल्व्हिसचा रक्तस्राव आतल्या आत होतो, बाहेर थेंबही दिसत नाही. अशा माणसाला उभं करू नका. रुंद चादर घट्ट बांधा, पण कमरेला नाही. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यांवर. गुडघेही एकत्र बांधा.

घसरलेल्या मागच्या चाकाने एकदम पकड घेतली, तर मात्र स्वार हवेत फेकला जातो. घाबरून थ्रॉटल (हँडलवरची रेस) झटकन सोडला की हे हमखास होतं. तो खांद्यावर आपटतो, मान उलट बाजूला वाकते आणि मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणतात, कधी मुळापासून उपटतात. एक्स-रे स्वच्छ असला तरी हात लुळा असू शकतो. हात उचलता येत नसेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगाच.

बाजूने धडक बसली तर नडगी बंपर आणि इंजिनाच्या मध्ये चिरडते. तिथे कातड्याखाली मांसच नाही, म्हणून हाड बाहेर येतं.

प्रश्न : मग नी-गार्डने नडगी वाचेल का?

उत्तर : थेट मार कमी होतो, पाय पिळला किंवा वाकला तर उपयोग नाही. युरोपच्या ईएन १६२१-१ चाचणीत लेव्हल १ गार्डमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पलीकडे गेलेला चालतो, लेव्हल २ मधून २०. लेव्हल २ च घ्या. पट्टे आवळून गार्ड हाताने फिरवून बघा. फिरलं, तर घसरताना ते गुडघ्यावर राहणार नाही.