घरात शिरलेला गाळ उपसताना कंबर धरू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सायनला तळमजल्यावर राहता, पाणी ओसरलं की गाळ तुम्हालाच काढावा लागतो आणि मागच्या पावसाळ्यात उसण भरून चार दिवस पडून होतात. माझं अगदी हेच झालेलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा आम्ही कुर्ल्याला मिठी नदीजवळ राहायचो, पाणी उतरलं तर घरात घोट्याएवढा गाळ, मी २७ वर्षांचा, घमेली भरभरून उचलत होतो आणि दोन-तीन तासांनी भरलेलं फावडं वाकूनच दाराबाहेर भिरकावलं तशी कमरेत चमक निघाली, सरळच होता येईना. नंतर फिजिओने समजावलं की वाकलेलं असताना, हातात वजन घेऊन कमरेतून वळणं हेच सगळ्यात वाईट, मणक्यांमधल्या गादीवर तेव्हा भयंकर ताण येतो. म्हणून वळायचं असेल तर पाय उचलून अख्खं अंग वळवा, छाती दाराकडे करा आणि मगच टाका. भिरकावू नका.

दुसरं म्हणजे वजन. ओला गाळ पाण्यापेक्षा जड असतो हो, १० लिटरची बादली गच्च भरली की १५ किलोच्या आसपास जाते, त्यामुळे अर्धीच भरा, खेपा वाढल्या तर वाढू दे. गुडघ्यात वाकून, बादली पोटाजवळ धरून उठा. खरं तर शक्यतो उचलूच नका, गाळ ओला आहे तोवर थोडं पाणी मारून वायपरने किंवा फळीने दाराकडे ढकलत न्या. माझी बहीण टोरंटोला असते, तिकडे दारातला बर्फ काढतानाही हेच सांगतात, जमेल तिथे ढकला, आणि ताजा भुसभुशीत असतानाच काढा, ओला झाला की फार जड होतो.

झोपेतून उठल्या उठल्या सुरू करू नका, रात्रभरात मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तासभर घरातच चाला-फिरा मग लागा. गमबूट घालाच, पाय घसरला तरी कंबर जाते आणि लेप्टोचीही (पुराच्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार) भीती असते.

एवढं करूनही दुखलं तर बहुतेक वेळा हळूहळू बरं होतं, नुसतं पडून राहू नका. पण पायात मुंग्या, ताकद कमी वाटणं, लघवी अडकणं किंवा जांघेत बधिरपणा असं काही झालं तर रात्र असली तरी लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा.