चिलखताला चिलखत भिडलं तेव्हा

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ ही चिलखती जहाजं सुमारे चार तास जवळून तोफा डागत होती, तरी एकही बुडालं नाही. लोखंड इतकं भक्कम होतं का? आणि अशी जहाजं मुंबईत कधी होती का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : सगळं श्रेय लोखंडाला देऊ नका. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझी नोकरी प्लेटा रोल करण्यात गेली, त्यामुळे मी आधी पत्राच बघतो. ‘मॉनिटर’चा फिरता बुरूज एकेक इंची प्लेटांच्या आठ थरांचा होता. आठ इंची अखंड प्लेटेची ताकद थरांना येत नाही. पण जाड प्लेटांची वाट बघत बसले असते, तर ऑक्टोबर १८६१ मध्ये ब्रुकलिनला बांधायला घेतलेलं जहाज ३० जानेवारीला पाण्यात उतरलंच नसतं. हाताशी आहे त्या मालात काम उरकणाऱ्या एरिक्सनबद्दल, म्हणजे ‘मॉनिटर’चा आराखडा करणाऱ्या अभियंत्याबद्दल, मला मनापासून आदर आहे.

‘मॉनिटर’ उत्तरेकडच्या सरकारचं. त्याच्याविरुद्ध बंड केलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी जळून बुडालेली ‘मेरिमॅक’ वर काढली आणि तिच्यावर जाड लाकडाच्या तिरक्या भिंती उभारल्या. त्यांवर रिचमंडच्या ट्रेडेगर कारखान्यातल्या दोन इंची प्लेटांचे दोन थर. हीच ‘व्हर्जिनिया’. भिंत तिरकी, म्हणून गोळा घसरून जायचा.

आता खरी मेख दारूगोळ्यात आहे. ९ मार्च १८६२ ला ‘व्हर्जिनिया’कडे मुख्यतः लाकडी जहाजं फोडणारे स्फोटक गोळे होते, चिलखतावर त्यांचा काय उपयोग? आणि ‘मॉनिटर’च्या ११ इंची तोफांत १५ पौंडांहून जास्त दारू भरायला मनाई होती. १८४४ मध्ये ‘प्रिन्स्टन’ जहाजावर तोफ फुटून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री जागीच गेले होते. दुधाने तोंड पोळलेलं नौदल ताकही फुंकून पीत होतं. ‘मॉनिटर’वरच्या जातीच्याच तोफा पुढे दुप्पट दारूवर चालल्या. तेवढ्या कमी दारूतही ‘व्हर्जिनिया’च्या प्लेटा तडकल्याच होत्या. दुप्पट भरली असती, तर त्या दिवशी निकाल लागला असता, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईचं म्हणाल, तर होय! ‘मॅग्डाला’ आणि ‘अ‍ॅबिसिनिया’ ही बुरूजवाली चिलखती जहाजं इंग्लंडमध्ये खास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधली गेली आणि १८७० मध्ये पाण्यात उतरली. प्रत्येकावर दोन फिरते बुरूज, चार तोफा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही विकून टाकली.