जुन्या राउटरचा कारभार काढून घ्या

प्रश्न : आमचं घर जांभ्या दगडाचं, वाय-फाय माजघराच्या मागं पोचत नाही. मागच्या खोलीत मुलीचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि टीव्ही यांना वायरनं नेट द्यायचंय. स्विच, म्हणजे एका वायरीचं नेट अनेक यंत्रांना वाटणारा डबा, विकत न आणता घरातला जुना राउटर जोडला, तर निम्म्या घराचं नेट गेलं. काय चुकलं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, राउटर बिघडलेला नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एकेक पत्ता वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. तुमच्याकडं आता दोघं पत्ते वाटताहेत. ज्याला जुन्याकडून पत्ता मिळाला, त्याचं नेट बंद. वडगावला माझ्या घरी हेच झालं होतं. मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण आणि पान काही उघडेना. संध्याकाळभर मी वायरीच तपासत होतो.

आधी दोन्ही राउटर वेगळे करा. जुन्याचं रिसेट बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. मग तो एकटाच लॅपटॉपला वायरनं जोडा आणि त्याच्या पोटावरच्या लेबलातला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२५० द्या, मुख्य राउटर वाटतो त्या पत्त्यांत हा आकडा येत नाही, एवढं बघून घ्या. सेव्ह केलं की पान अडकतं. घाबरू नका, वायर काढून परत घाला आणि नव्या पत्त्यानं आत जा. आता डीएचसीपी बंद करा. तो २५० चा पत्ता कागदावर लिहून राउटरलाच चिकटवा, वर्षानं लागला तर शोधायला नको.

‘वॅन’ लिहिलेला पोर्ट, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायचं भोक, बहुतेकदा निळं, रिकामंच ठेवायचं. ‘लॅन’ म्हणजे घरातली यंत्रं जोडायची भोकं. वायर मुख्याच्या लॅनमधून जुन्याच्या लॅनमध्ये. चार लॅन पोर्टांतला एक त्यात जातो, उरलेल्या तिनांत तुमची तिन्ही यंत्रं बसतात. मागं वाय-फायही हवं असेल तर चालू ठेवा, पासवर्ड मात्र स्वतःचा घाला.

जुन्या राउटरचे पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचेच असतात. प्लॅन ३०० चा असला तरी मागं १०० च्या आतच मिळेल. मुलीचं काम मोठमोठ्या फायलींचं असेल तर गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा स्विचच घ्या की.

आणि ताई, वायर परसातून, झाडावरून नेऊ नका. आपल्याकडच्या वळवात वीज जवळपास पडली तरी अशा वायरीतून झटका येतो आणि दोन्ही राउटर जळतात. घरातूनच, चौकटीच्या कडेनं न्या. कडकडाट सुरू व्हायच्या आधी प्लग काढा, बाहेरून येणारी तांब्याची वायर असेल तर तीही.