कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या मुलाला डिप्लोमाला घालावं का?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली हकिगत आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. देवगड तालुक्यातलं आंबा बागायतदाराचं घर. मुलगा दहावीत. दिवाळीच्या सुट्टीत त्याने अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम भरून चालवायचं छोटं सर्किट बोर्ड), छोटा एलसीडी पडदा आणि मेकॅनिकल कीबोर्डचे २० सुटे स्विच मागवून घरीच कॅल्क्युलेटर बनवला. सहामाहीत गणितात मार्क घसरले. यजमान म्हणतात, दुकानात दीडशेला मिळणाऱ्या वस्तूवर याने दोन हजार उडवले. मुंबईचे दीर म्हणतात, अकरावी सायन्सला घाला, जेईईच्या क्लासचं मी बघतो. मुलाला डिप्लोमा करायचाय. आणि तुमचा प्रश्न असा, की त्याला यात खरंच गती आहे, की नुसता नाद?

उत्तर तुम्हीच शेवटच्या पानावर सहज लिहून गेलात. "५ दाबलं की ५५ उमटायचं. स्विच बदलून बघितला तरी तेच. मग त्याने प्रोग्रॅममध्ये काहीतरी थांबायला सांगितलं आणि जमलं."

हे 'काहीतरी' काय होतं ते सांगतो. बटण दाबलं की आतल्या धातूच्या पट्ट्या एकदाच टेकून गप्प बसत नाहीत, क्षणभर थरथरतात, टेकतात-सुटतात. कीबोर्डचे स्विच बनवणाऱ्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमध्ये ही थरथर ५ मिलिसेकंदांच्या आत संपते. बोटाला ती कळतही नाही. पण उनोचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं, त्यामुळे त्याला दर टेकण्यागणिक बटण नव्याने दाबल्यासारखं वाटतं. म्हणून थरथर संपेपर्यंत त्याला क्षणभर थांबायला सांगावं लागतं. नवशिका इथे सोल्डरचे डाग पुन्हा देतो, तारा उपसतो, विक्रेत्याला शिव्या घालतो. तुमच्या झिलाने आधी स्विच बदलून तो निर्दोष ठरवला आणि मगच प्रोग्रॅमला हात घातला. एका वेळी एकच गोष्ट बदलून दोष हुडकायची ही सवय पदवी घेतलेल्या पोरांतही मला फारशी दिसत नाही. नुसता नाद असता तर वस्तू एव्हाना माळ्यावर गेली असती.

आता एक परीक्षा घरीच घ्या. त्या कॅल्क्युलेटरवर १२३४५६७.८९ टाकायला सांगा आणि त्यात शून्य मिळवा. बहुधा ८९ पैसे तसेच राहणार नाहीत. उनोवर दशांश संख्या साठवायला फक्त ४ बाइट मिळतात, त्यात सहा-सात आकडेच नीट मावतात. प्रोग्रॅममध्ये 'डबल', म्हणजे एरवी दुप्पट जागेचा प्रकार, लिहिला तरी उनोवर जागा तेवढीच. वाशीच्या दलालाची पट्टी तपासायला यजमान हे यंत्र वापरणार असतील, तर मोठ्या बेरजेत पैशांचा घोळ होणारच. चूक दिसल्यावर तो काय करतो ते बघा. रुपयांऐवजी सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवायचा, किंवा खिशातला कॅल्क्युलेटर करतो तसा एकेक अंक सुटा साठवायचा, असे मार्ग आहेत. पण ते तुम्ही सांगू नका. आणि ८९ पैसे जागच्या जागी राहिले, तर हे कसं जमवलंस एवढंच विचारा. तो अर्धा तास बोलत राहिला, तर मला पुन्हा पत्र लिहायची गरज नाही.

शाखा कोणती, हेही त्यालाच विचारून ठरेल. २० बटणं ४ आडव्या आणि ५ उभ्या ओळींत गुंफून ९ तारांवर भागवण्यात मजा आली असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. गुणाकार आधी, बेरीज नंतर हे यंत्राच्या डोक्यात घालण्यात आली असेल तर कॉम्प्युटर. आणि डब्याच्या झाकणाला १४ मिलिमीटरची चौकोनी भोकं कानसून स्विच घट्ट बसवण्यातच जीव रमला असेल, तर मेकॅनिकलचा विचार करा. हल्ली सगळे डोळे मिटून कॉम्प्युटरच लिहितात, ते मला पटत नाही.

माझं मत डिप्लोमाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. गणितातून सुटका होईल म्हणून तो डिप्लोमा म्हणत असेल, तर फसेल. पहिल्या वर्षी गणित आहेच. पुढे डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला सीईटीशिवाय प्रवेश मिळतो, आणि तिथे अकरावी-बारावी करून आलेल्या मुलांच्या बरोबरीने गणित करताना यांची दमछाक होते. तेव्हा गणिताची शिकवणी आत्ताच लावा.

दिरांना दुखवू नका, ते प्रेमानेच सांगताहेत. पण आयआयटीत जायचं किंवा शुद्ध विज्ञान शिकायचं हे मुलाच्या मनात असेल, तरच त्या वाटेला अर्थ आहे. हाताने काम करताना शिकणाऱ्या मुलाला दोन वर्षं फक्त पर्याय अ, ब, क, ड यांत कोंडणं मला जड जातं.

यजमानांच्या दोन हजारांबद्दल एवढंच सांगा, की १९७१ साली बाजारात आलेली इंटेलची ४००४ ही चिप मुळात बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी घडवली होती. पुढचे सगळे मायक्रोप्रोसेसर त्यानंतरचे.

सरकारी तंत्रनिकेतनं रत्नागिरीला आहेत, मालवणलाही आहेत. यंदा कुठे कोणत्या शाखा चालू आहेत, ते प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत बघा. तिथला प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, आणि निकालात कोकण बोर्ड राज्यात वर असतं, म्हणजे आपल्याकडे स्पर्धाही चांगले मार्क मिळवलेल्यांशीच. म्हणून बोर्डाची परीक्षा होईपर्यंत सोल्डरिंगचं काम रविवारपुरतंच. रहिवासाचा, आणि लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढायला आत्ताच टाका. जूनमध्ये तहसीलला उभं राहायला जागा नसते.