गुलमर्गचा बर्फ आणि डिसेंबरचा हप्ता

खारघरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नवरा 39 वर्षांचा, त्या 37 च्या, मुलगी 11 ची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,85,000. घराच्या कर्जाचे 62 लाख बाकी, 17 वर्षं शिल्लक, दर 8.5 टक्के, ईएमआय 58,000. प्रश्न असा: मुलीला स्कीइंग शिकायचं आहे, घरात कुणीही आजवर स्की पायात घातलेली नाही. नाताळच्या सुट्टीत, 22 ते 28 डिसेंबर, गुलमर्गला जावं (खर्च 1,60,000) की कझाकस्तानातल्या अल्माटीजवळच्या शिंबुलाकला (खर्च 3,20,000)? नवशिक्यासाठी कुठलं बरं?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, चार ओळी आहेत: "पैशांचा प्रश्न नाही. 2022 च्या डिसेंबरात बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचे वर्षाला 40,000 कॅशबॅक येतात, ते आम्ही फिरण्यासाठीच ठेवतो. दोन आले, तिसरा या डिसेंबरात येईल. सेव्हिंगमध्ये 2,10,000 आहेत. कमी पडले तर बँकेने दीड लाखाचं प्री-अप्रूव्हड लोन देऊ केलंय. पुढच्या परदेशी ट्रिपसाठी माझ्या नावावर वर्षाला एक लाखाची आणखी एक पॉलिसी नुकतीच घेतली, तिचा कागद 4 नोव्हेंबरला आला."

आधी विचारलेल्याचं उत्तर. नवशिक्यानं नाताळात गुलमर्गला पैसे लावू नयेत. तिथला बर्फ पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ आणणाऱ्या वाऱ्यांच्या, भरवशावर पडतो आणि ते काही शाळेचं वेळापत्रक बघून येत नाहीत. चिल्लई कलान, म्हणजे काश्मिरातले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरूच होतात 21 डिसेंबरला. जानेवारी 2024 मध्ये महिन्याच्या अखेरीपर्यंत गुलमर्ग कोरडं होतं. 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. पहिला बर्फ धरतो तो वर, अफरवट शिखराच्या माथ्याजवळ, साधारण 3,950 मीटरवर, जिथे गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा जातो. तिथे नवशिक्याचं काही काम नाही. उतार तीव्र, बर्फ न दाबलेला, हिमस्खलनाचा धोका खरा. तुम्ही शिकणार ते खाली, 2,650 मीटरवरच्या मैदानालगतच्या सौम्य उतारांवर, आणि सीझनच्या सुरुवातीला नेमके तेच बर्फाविना असतात. मग लोक घोड्यावर बसून फोटो काढतात आणि परत येतात, नाताळ-न्यू इयरच्या भावात.

शिंबुलाक त्या मानाने भरवशाचं. अल्माटी शहरापासून 25 किलोमीटर, उतार साधारण 2,260 मीटरवर सुरू होतात, खालच्या भागात यंत्रानं बर्फ तयार करतात, नवशिक्यांसाठी वेगळा भाग आहे आणि भारतीयांना 14 दिवस व्हिसा लागत नाही. फक्त बर्फाचाच विचार केला तर डिसेंबरात शिंबुलाक. देशातला दुसरा पर्याय उत्तराखंडातली औली. तिथे बर्फ तयार करणाऱ्या स्नो गन बसवल्या होत्या, पण ऋषिकेशहून तो अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आणि जमीन खचल्यानंतर बंद झालेला जोशीमठचा रोपवे धरला तर तीन जणांच्या आठवड्यात ते बसत नाही.

आता तुमचा डिसेंबर मांडू. सेव्हिंगमध्ये 2,10,000. पहिल्या पॉलिसीचा चौथा हप्ता याच महिन्यात: 2,00,000. सहल, स्वस्तातली: 1,60,000. बेरीज 3,60,000. दीड लाख कमी. म्हणजे बँकेनं देऊ केलेलं लोन नेमकं तेवढंच आहे, हा योगायोग समजू नका. तुमचं खातं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. ज्या 40,000 वर सहल काढायची, ते 2,00,000 भरल्यावरच येणार. याला आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात, फक्त इथे आवळासुद्धा तुमच्याच परसातला.

महिन्याचा हिशेब त्याहून वाईट. तुमच्या आकड्यांवरून ईएमआय आणि घरखर्च जाऊन महिन्याला 30,000 च्या आसपास उरतात. दोन्ही पॉलिसींचे मिळून वर्षाला तीन लाख, म्हणजे महिन्याला 25,000. तुमची जवळजवळ सगळी बचत या दोन कागदांत जाते आहे.

घाई आहे ती दुसऱ्या पॉलिसीची, म्हणून ती आधी. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवस फ्री-लुकचे, म्हणजे नको असेल तर ती परत करण्याचे, असतात. 4 नोव्हेंबरला आला, म्हणजे 3 डिसेंबरच्या आत तुमचा अर्ज कंपनीकडे पोचायला हवा. बँकेकडे नव्हे, विमा कंपनीकडे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरला सांगितलंत तर तो "बघतो मॅडम" म्हणेल आणि तारीख उलटेल. पॉलिसीच्या पहिल्या पानावर कंपनीच्या ग्राहक सेवेचा ईमेल असतो. नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवा, एवढं पुरे: "पॉलिसी क्रमांक अमुक. कागद 4 नोव्हेंबर रोजी मिळाला. अटी मान्य नसल्याने फ्री-लुक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे. परतावा सोबत जोडलेल्या रद्द चेकच्या खात्यात जमा करावा." सोबत पॉलिसीची प्रत, पॅन, रद्द केलेला चेक. उत्तरात तक्रार किंवा सेवा क्रमांक आला की तो जपून ठेवा. तितक्या दिवसांच्या विम्याचा हप्ता, स्टॅम्प ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी लाख परत येतो. मग फोन येतील. "लॉक-इन आहे", "यंदाचा बोनस बुडेल", "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे". यातलं प्रत्येक वाक्य ईमेलवर लिहून मागा, फोन थांबतात. कंपनीनं दाद दिली नाही तर विमा नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रार पोर्टल, आणि त्यानंतर विमा लोकपाल.

विक्रीच्या वेळी तुम्हाला व्हेरिफिकेशन कॉलवर "सगळ्याला हो म्हणा" असं सांगितलं होतं, हेही तुम्ही लिहिलं आहे. फ्री-लुकला त्या "हो"ने काही अडत नाही. मुदत संपल्यावर मात्र तोच कॉल तुमच्याविरुद्ध वाजवला जातो.

पहिली पॉलिसी. दहा वर्षं दरसाल दोन लाख भरायचे, वीस वर्षं दरसाल 40,000 मिळणार, शेवटी 28 लाख. मॅनेजरनं सांगितलं, "वीस भरा, छत्तीस घ्या." छत्तीस बरोबर आहे: आठ अधिक अठ्ठावीस. पण ते वीस वर्षांत पसरलेले आहेत. तारखांसकट मांडलं तर परतावा साडेचार-पावणेपाच टक्क्यांच्या मध्ये पडतो. हप्त्यांवर भरलेला जीएसटी मी धरलेलाच नाही. याच काळात तुम्ही घराच्या कर्जावर 8.5 टक्के भरता आहात. साडेआठनं घेऊन पावणेपाचनं ठेवायचं आणि त्यातल्या 40,000 ला कॅशबॅक म्हणायचं!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पॉलिसी घेणं ही चूक होती म्हणून आज मोडणं आपोआप बरोबर ठरत नाही. सहा लाख गेले ते गेले. चौथ्या वर्षात मोडल्यास किमान हमी मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या 50 टक्के, त्यातून मिळालेले 80,000 वजा. म्हणजे तुमच्या हातात साधारण 2,20,000. हे सोडून उरलेले सात हप्ते भरत राहिलात, तर इथून पुढचा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास निघतो. वाईट नाही, असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. पण ते कुणासाठी वाईट नाही? ज्याचं कर्ज फिटलं आहे आणि ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे त्याच्यासाठी. तुमच्याकडे दोन्ही नाही. महिन्याला ईएमआय धरून 1,55,000 लागतात, सहा महिन्यांचे नऊ लाखांहून जास्त, आणि खात्यात दोन.

त्याहून मोठं भगदाड वेगळं आहे. या पॉलिसीतलं जीवनविमा कवच 20 लाख. कर्ज 62 लाख. नवऱ्याचा पगार 1,10,000, आणि त्यांच्या नावावर दुसरा विमा नाही. त्यांना काही झालं तर वीस लाख बँकेला देऊनही 42 लाखांचं कर्ज 75,000 च्या पगारावर उरतं. इतके हप्ते भरून मिळालेलं संरक्षण हे एवढं.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. चौथा हप्ता लगेच भरू नका, पण पॉलिसी आजच मोडूही नका. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर 30 दिवसांचा ग्रेस पीरियड असतो आणि त्या काळात कवच चालू राहतं. या दिवसांत नवऱ्याच्या नावे दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, साठाव्या वर्षापर्यंत, पैसे परत न देणारा. "प्रीमियम परत" वाला नको, तो याच खेळाचा धाकटा भाऊ आहे. तुमच्या नावे 75 लाखांचा. दोघांचे मिळून वर्षाला 45,000 च्या आसपास धरा. अर्जात तंबाखू, साखर, रक्तदाब, जे असेल ते लिहा. लपवलेल्या साखरेवर क्लेम अडतो. टर्मची पॉलिसी हातात आली, कवच सुरू झालं, की मग जुनीबद्दल कंपनीला ईमेल करा आणि दोन आकडे लेखी मागा: सरेंडर केल्यास, म्हणजे मोडल्यास, किती मिळेल आणि पेड-अप केल्यास दरसाल व शेवटी किती. पेड-अपमध्ये हप्ते थांबतात आणि फायदे दहापैकी भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे तीन दशांशावर येतात. माझा कल सरेंडरकडे आहे, कारण तुम्हाला आज रोख हवी आहे. पेड-अपचा आकडा अनपेक्षितपणे चांगला आला तर फेरविचार करा.

आणि हो, तो 8.5 टक्के. आरबीआयनं फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो दर 6.5 वरून 5.5 केला. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर दर एव्हाना खाली यायला हवा होता. आला नसेल तर ते जुन्या पद्धतीच्या दरावर आहे. बँकेत जाऊन बदलून घ्या, एकदाच थोडं शुल्क लागतं. एक टक्का खाली आला तर ईएमआय जवळपास चार हजारांनी उतरतो. हे काम मात्र मॅनेजर आपणहून सुचवणार नाही.

सहल या हिवाळ्यात नको. 2,10,000 अधिक परत येणारे 1,00,000 अधिक सरेंडरचे 2,20,000, त्यातून टर्मचे 45,000 वजा, उरतात 4,85,000. ते लिक्विड फंडात किंवा एफडीत, हात न लावता. महिन्याला उरणाऱ्या तीसमधले अठरा हजार त्याच राशीत, बारा हजारांची वेगळी आरडी सहलीसाठी. पुढच्या डिसेंबरअखेर राखीव रक्कम सात लाखांच्या आसपास आणि सहलीचे 1,44,000 वेगळे. जानेवारी 2027 मध्ये 26 तारीख मंगळवारी येते; सोमवारची रजा टाकली की शनिवारपासून चार दिवस, त्याला पुढे-मागे दोन जोडा. चिल्लई कलानचा शेवटचा आठवडा आहे तो, खालच्या उतारावर बर्फ असण्याची शक्यता नाताळापेक्षा कितीतरी जास्त. दर त्या मानाने उतरलेले. शिंबुलाक दहावीनंतर.

त्या 1,44,000 चं गणित साधारण असं: विमानाचे 45,000, हॉटेल आणि जेवण 45,000, शिक्षक-स्की-बूट मिळून माणशी दिवसाला साडेतीन हजार धरून तिघांचे तीन दिवस 32,000, बाकी गाड्या आणि गोंडोला. गाड्यांत लोक चुकतात. श्रीनगरहून गुलमर्ग 50 किलोमीटर, पण बर्फ पडला की तुमची गाडी टंगमर्गला थांबते आणि शेवटच्या 13 किलोमीटरला चेन लावलेली स्थानिक गाडी वेगळ्या पैशांत घ्यावी लागते. परतीची शेवटची रात्र श्रीनगरात ठेवा, धुक्या-बर्फानं विमानं रद्द होतात. हॉटेल असं घ्या की आठवडाभर आधी फुकट रद्द करता येईल. खाली बर्फ आहे की नाही हे तेव्हाच कळतं. तिथे पर्यटन मंत्रालयाची आयआयएसएम ही संस्था स्कीइंगचे कोर्स घेते. मुलीच्या वयाला बसतो का, ते ऑक्टोबरातच विचारा.

साहित्य काहीही विकत घेऊ नका, हातमोजे, गॉगल आणि थर्मल सोडून. भाड्याचा बूट घालताना एकच पातळ लोकरी मोजा. दोन घातले की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. उभं राहिल्यावर अंगठा बुटाला जेमतेम टेकावा आणि गुडघे वाकवले की सुटावा. दुकानदार वजन विचारेल ते खरं सांगा, मुलीचंही. पडल्यावर स्की पायातून कधी सुटावी हे तो त्या आकड्यावर लावतो. दहा किलो जास्त सांगितलं तर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो.

विम्याचं एक उरलं. आरोग्य विम्यातली साहसी खेळांची प्रमाणित वगळणूक व्यावसायिक खेळाडूंसाठी आहे, हौशीनं शिकताना पाय मोडला तर ती सहसा आड येत नाही. अपघात विमा आणि प्रवास विम्याच्या अटी मात्र प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. त्यांत "विंटर स्पोर्ट्स" हे शब्द शोधा, आणि ते वगळलेल्यांच्या यादीत सापडले तर ॲड-ऑन घ्या. तुमचा आरोग्य विमा फक्त नवऱ्याच्या नोकरीतला आहे, त्याबद्दल पुन्हा लिहा. पण तो ईमेल 3 डिसेंबरच्या आत गेल्यावर.