गुळव्याच्या हाताला जागा दे

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची आहे, कराडजवळच्या गावात राहते. बी. कॉम. झालंय, पण डोक्यात सतत कॉमिक्सच असतात. आजोबांच्या गुऱ्हाळावर २४ पानांचं रंगीत कॉमिक काढलं आणि आर्ट पेपरवर ६० प्रती छापल्या. एक प्रत ९५ रुपयांना पडली, किंमत १५० ठेवली. मैत्रिणीबरोबर निम्मं निम्मं भाडं भरून मुंबईतल्या एका कॉमिक महोत्सवात टेबल घेतलं. दोन दिवसांत ११ प्रती गेल्या. लोक उचलायचे, चाळायचे, 'छान आहे' म्हणून खाली ठेवायचे. शेजारी जपानी कार्टूनमधल्या पात्रांची स्टिकर्स आणि कीचेन होती, तिथे रांग लागलेली. इकडे चित्रकलेच्या क्लासमधले सर म्हणतात, 'आधी स्थिरचित्र नीट कर, कॉमिक ही काही कला नव्हे.' क्लास सोडून चाळीस हजारांचा ऑनलाइन कॉमिक कोर्स करू का? पुढच्या वेळी मीही कीचेनच ठेवू का? सोबत एक प्रत पाठवतेय.

उत्तर : तुझी प्रत मी दोनदा वाचली, आधी नुसतीच आणि मग हातात पेन्सिल घेऊन. नवव्या पानाशी दोन्ही वेळा थांबले. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहिलीतला (रस आटवायच्या मोठ्या कढईतला) उकळता पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतेय का बघतो. सहा चौकटी, एकही शब्द नाही, आणि शेवटच्या चौकटीत त्याची मान तेवढी हललेली. मला गुऱ्हाळाचा वास आला गं. हे पान जिच्या हातून उतरलं तिने दुसऱ्यांच्या पात्रांची कीचेन करण्यात वर्ष घालवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग ११च का गेल्या? चौथं पान काढ. आजोबा गुऱ्हाळाचा इतिहास सांगतायत, संवादाच्या एकाच फुग्यात. मी शब्द मोजले, ७४ भरले. गर्दीत उभ्याने चाळणारा माणूस तिथे पुस्तक मिटतो, नवव्या पानापर्यंत पोचतच नाही.

हे मला माझ्या पहिल्या टेबलावर कळलं. दिवसभर मी येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आवडतंय की नाही म्हणून. शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर चित्रकार संध्याकाळी म्हणाले, 'चेहऱ्याकडे नको बघू, अंगठ्याकडे बघ.' दुसऱ्या दिवशी मी एक प्रत मांडीवर घेऊन बसले. ज्याचा अंगठा ज्या पानावर थांबेल त्या पानावर टिंब, जो जिथे मिटेल तिथे फुली. संध्याकाळपर्यंत पाचव्या पानावर १४ फुल्या झाल्या होत्या. ते पान घरी जाऊन मी पुन्हा काढलं. महोत्सवातून मी आणलेली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ती फुल्यांची प्रत. अजून कपाटात आहे.

आता अक्षरांबद्दल, कारण इथे मराठीत काढणारी बहुतेक मुलं अडखळतात. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुधा सगळी कॅपिटल अक्षरं वापरतात, ओळी विटांसारख्या एकावर एक बसतात. आपली अक्षरं शिरोरेघेला लटकतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. तू कॉम्प्युटरवर फॉण्ट टाकून ओळी जवळ ओढल्यास, म्हणून 'गुऱ्हाळ'चा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत शिरलाय. दोन ओळींत अक्षराच्या उंचीइतकी तरी मोकळी जागा ठेव. म्हणजे फुगा मोठा होणार, म्हणजे शब्द कमीच करावे लागणार. म्हणून आधी अक्षरं लिही, मग त्यांच्याभोवती फुगा, आणि उरलेल्या जागेत चित्र. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा दिली असशील तर अक्षरलेखनाचा सराव असेलच. हाताने लिहून बघ. तुझ्या रेषेशेजारी छापील फॉण्ट परका दिसतो. शि. द. फडणिसांची हास्यचित्रं समोर ठेव. शब्द नसताना नजर कुठून कुठे जाते ते बोटाने पानावर फिरवून बघ.

सरांबद्दल. कॉमिकबद्दलचं त्यांचं मत मला मान्य नाही. १९६७ साली अमर चित्र कथा सुरू झाली, आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्यांनी तिच्यासाठी जे काढलं ते बघत आमच्या पिढीने माणसाचं अंग, घोडा, कपड्याची चुणी ओळखायला शिकलं. ती कला नव्हे तर दुसरं काय? पण क्लास सोडू नकोस. तुझ्या बाराव्या पानावर काहिलीचा काठ वरून बघितल्यासारखा गोल आहे आणि शेजारचा माणूस समोरून बघितल्यासारखा. त्यामुळे काहील कलंडल्यासारखी वाटते. डोळ्याच्या पातळीनुसार वर्तुळ किती चपटं दिसतं हे घागर आणि परात समोर ठेवूनच समजतं. सर नेमकं तेच शिकवतायत. ते घे, मत तिथेच ठेव.

चाळीस हजार आत्ता घालवू नकोस. तुझ्यात जे कमी आहे ते एसटी स्टँडवर फुकट मिळतं. रोज अर्धा तास बस, माणूस बघ, मग वही उघडून न बघता काढ. शाळेतलं स्मरणचित्र ते हेच. पिशवी सांभाळत बस पकडणारी बाई दोन मिनिटांत निघून जाते. तिच्या खांद्याचा कल डोक्यात राहिला तर पुढे कुठल्याही चौकटीत वापरता येतो.

छपाईचं थोडक्यात : पुढची गोष्ट १६ पानांची कर, कव्हर धरून, काळ्या शाईत. मध्ये पिना मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच बसतात. चार ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापून दुमडले की १६ झाली. साधा कागद चालेल. ५० रुपये किंमत ठेवता आली पाहिजे, कारण अनोळखी माणूस नव्या नावावर ५० चटकन काढतो, १५०ला विचार करतो. तुझे ५,७०० गेले आणि १,६५० आले, हे मला वाचतानाही टोचलं. पहिल्यांदा ३० प्रतीच काढ.

आणि एक सुचवते, खरं तर हेच पहिल्यांदा लिहायचं होतं. मुंबईच्या त्या गर्दीत काहील बघितलेला माणूस किती? तुमच्या कराडला नोव्हेंबरात कृषी प्रदर्शन भरतं. तिथे ऊसवाले येतात, बायकामुलांसह येतात. कुणा ओळखीच्याच्या स्टॉलचा एक कोपरा माग आणि नवव्या पानाचं मोठं चित्र करून मागे लाव. कुणीतरी म्हातारा थांबेल आणि सांगेल की पाण्याचं भांडं तू चुकीच्या हाताला काढलंयस. त्याच्यासाठी वही आणि पेन्सिल टेबलावरच ठेव, त्यालाच दाखवायला सांग.

नवी प्रत मला पाठव. चौथ्या पानावरच्या आजोबांचं काय केलंस ते बघायचंय.